व्हिएतनामच्या सापा गावाला जाताय? मग मुक्काम ता वानला करा

सप्टेंबरात व्हिएतनामला जाऊन आलो, त्यातले तीन दिवस ता वानमध्ये होतो, तेवढंच लिहितोय. ई-व्हिसा २५ डॉलर, घरबसल्या होतो. हनोईहून सापाला स्लीपर बसने सहा तास, रात्रीची ट्रेनही आहे पण ती लाओ काईपर्यंतच, पुढचे पस्तीसेक किमी घाट परत गाडीने. सापाचं आता महाबळेश्वर झालंय, हॉटेलं, केबल कार, ट्रॅफिक. ता वान तिथून नऊ-दहा किमी खाली मुओंग होआ खोऱ्यात. वर ३१४७ मीटरचा फान्सीपान डोंगर, सतत ढगात, आम्हाला एकदाच दिसला तोही मी दात घासत असताना.

ता वान हे कम्यून, म्हणजे आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीसारखं, बऱ्याच वाड्या मिळून एक. ओढ्याकाठी सपाटीला झाय जमातीचे लोक, वर उताराला काळे ह्मोंग (काळे म्हणजे कपड्यांवरून), आणि तांबडं मुंडासं दिसलं की समजायचं झाओ जमातीचे. थंडीमुळं भात वर्षातनं एकदाच, लावणी मे-जूनला, कापणी सप्टेंबरात. मी कोकणातला त्यामुळं बायको डोंगर बघत होती आणि मी मेरा, म्हणजे शेताचे बांध. आपण झोडणीला भारे खळ्यावर आणतो, हे लोक लाकडाची मोठी पेटी शेतातच ओढत नेतात आणि पेंढ्या तिच्यावर आपटतात, सकाळपासून खोरंभर धप धप धप.

गाईड ह्मोंग बाई होती, पाठीला पोर, पायात प्लॅस्टिकचे सँडल. मी मात्र महागाचे शूज घालून मेरेवरून घसरलो ते थेट गुडघाभर चिखलात. तिने हात दिला तर बोटं नखांपर्यंत निळी! कापड निळीत बुडवून रंगवतात त्याचा रंग. तेव्हा गमबूट भाड्याने मिळाले तर घ्याच, लाजू नका.

शाकाहारी असाल तर 'अन चाय' म्हणा (चहा नाही येत, काळजी नको) पण फिश सॉस नको हे वेगळं सांगावं लागतं. रोख डाँग (तिथलं चलन) जवळ ठेवा. वस्तू विकणाऱ्या बायका तासभर सोबत चालतात, गप्पा मारतात, चढाला हातही देतात, मग शेवटी नाही म्हणणं जड जातं, घ्यायचं नसेल तर पहिल्याच वळणावर सांगून टाका. आम्ही नाही सांगितलं, म्हणून एक निळी पिशवी आली घरी. ती वेगळी धुवा. आमच्याकडं आता दोन बनियनपण निळी आहेत.