सोमवारची पोटदुखी

लहान गावातल्या शाळेत शिकवताना एक वाक्य मी सतत ऐकते: "बाई, पोटात दुखतंय." ताप नाही, उलटी नाही, औषधाने फरक नाही. रविवारी पोर दिवसभर हुंदडतं आणि सोमवारी सकाळी दप्तर भरताना पुन्हा पोट धरून बसतं. घरचे म्हणतात, "नाटकं करतो."

नाटक नसतं ते. भीती किंवा काळजी वाढली की पोटात खरोखर कळ येते, मळमळतं, डोकं ठणकतं. मन लागत नाही, जीव घाबरतो, हे मोठ्यांना सांगता येतं. आठ वर्षांच्या पोराला कुठून सांगता येणार? नैराश्यही मुलांमध्ये कितीदा चिडचिडीतूनच बाहेर पडतं. मग तापट पोरगा मार खातो आणि कोपऱ्यात घुमी बसलेली मुलगी "किती गुणी" ठरते. मला त्या गुणी मुलींची जास्त काळजी वाटते.

माझ्या वर्गात अशीच एक होती. घरी अखंड बडबड, शाळेत चकार शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नव्हे, चिंतेचा विकार आहे, आणि दटावल्याने मूल आणखी मिटतं. मधल्या सुट्टीत फळा पुसता पुसता मी तिच्याशी बोलत राहायचे, उत्तराची अपेक्षा न ठेवता. बऱ्याच महिन्यांनी ती मैत्रिणीच्या कानात कुजबुजायला लागली, पुढे माझ्यादेखत तिच्याशी बोलू लागली आणि एक दिवस मला म्हणाली, "बाई, खडू संपला."

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो. पस्तीसच्या वर्गात सरासरी पाच जण! गावातली मुलं काही वेगळी नसतात, मदत मात्र लांब असते. तज्ज्ञाकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. शिवाय कोण कोणत्या डॉक्टरकडे गेलं हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं, त्या धास्तीनेच आईबाप टाळतात. साध्या डॉक्टरांना आणि नर्सना हे आजार ओळखायला शिकवणारा संघटनेचा एमएच-गॅप कार्यक्रम २००८ पासून चालू आहे, तो याच अडचणीसाठी. म्हणून जवळच्या दवाखान्यात आधी विचारा तरी.

शेती असलेल्या घरांना हात जोडून सांगते, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका. जीव देण्याचा आवेग पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो. त्या वेळात बाटली हाताशी नसली तर जीव वाचू शकतो. आणि शंका आली तर मुलाला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणालं तर ओरडू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.