तुलांबेनचं जहाज: गोट्यांवरून चालत जायची डाइव्ह

बालीच्या विमानतळावरून ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेनला गाडीने अडीच ते तीन तास लागतात. बरेच जण दक्षिणेकडच्या कुटा-सानूरहून पहाटे निघतात, तिथल्या बुडालेल्या जहाजावर स्कूबाच्या दोन डाइव्ह करतात आणि संध्याकाळी परततात. आम्हाला हा प्रकार अजिबात पटत नाही. दक्षिणेकडच्या गाड्या नऊ-साडेनऊनंतर येऊ लागतात आणि मग जहाजावर माशांपेक्षा डायव्हरांच्या पायातले फिन्स (रबरी वल्ही) जास्त दिसतात. आदल्या रात्री गावातच मुक्काम करावा आणि उजाडताच, सहा-साडेसहाला, पाण्यात असावं. कपाळाला टेंगूळ असलेले भलेमोठे पोपटमासे रात्री जहाजाच्या आडोशाला झोपतात. ते चरायला निघून जायच्या आत गाठायचे तर दुसरी वेळ नाही.

मोसमाचं गणितही आपल्या सोयीचं आहे. पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं स्कूबा बंद असतं, तेव्हा बालीत कोरडा मोसम चालू असतो. पाणी साधारण २६ ते २९ अंश, त्यामुळे तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट पुरतो.

जहाजाचं नाव ‘लिबर्टी’. दुसऱ्या महायुद्धात ‘लिबर्टी शिप’ नावाची मालवाहू जहाजं घाऊक बांधली गेली, हे त्यांतलं नव्हे. हे १९१८ सालचं. ११ जानेवारी १९४२ रोजी शेजारच्या लोंबोक बेटाजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. दोन विनाशिकांनी ते बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगाराजा बंदराकडे ओढत न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी फार भरलं, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. पुढची एकवीस वर्षं ते तिथेच होतं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्या धक्क्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आता सव्वाशे मीटरचा तो सांगाडा किनाऱ्याला समांतर, काळ्या वाळूच्या उतारावर कुशीवर पडलेला आहे. वरचा भाग पाचेक मीटरवर, खालचा तीसच्या आसपास. बोट लागत नाही, चालत जायचं.

आणि हे चालत जाणंच लोकांना जड जातं. किनाऱ्यावर वाळू नाही, नारळाएवढे गुळगुळीत गोटे आहेत आणि लाट परतताना ते पायाखालून सरकतात. जाड तळाचे बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स हवेतच. अनवाणी पायात घालायचे फिन्स इथे निरुपयोगी. टँक आणि बाकीचं ओझं गावातल्या बायका डोक्यावरून पाण्याकाठी आणून ठेवतात, तेही आपल्यापेक्षा झपाझप. त्यामुळे आपल्याला फक्त शेवटची वीस पावलं जमवायची असतात.

आधी दोन मिनिटं लाटा बघाव्यात. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मधे उसंत मिळते. बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) अर्धी हवा, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टँकमधली हवा ओढायचं तोंडचं यंत्र) तोंडात आणि फिन्स हातात. लाटेकडे कूस करून पाय न उचलता सरपटत पुढे जायचं. पाणी छातीला लागलं की लगेच तरंगायचं, लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे जायचं आणि तिथे फिन्स चढवायचे. गुडघाभर पाण्यात एका पायावर उभं राहून फिन घालणारा पडतोच. पडलात तर उठायची घाई करू नका, पंधरा किलोचा टँक पुन्हा पाडेल. रेग्युलेटर तोंडात ठेवून रांगत पुढे जा. बाहेर येतानाही हेच उलट्या क्रमाने. रांगत येण्यात लाज कसली? दुपारी वारं सुटलं की लाटा वाढतात, म्हणूनही सकाळ बरी.

दुसरी गफलत बुडण्यासाठी अंगावर बांधायच्या शिशाच्या वजनाची. तरणतलावात शिकलेल्याला समुद्रात दोन-अडीच किलो जास्त लागतात, हे खरं. पण पटकन बुडावं म्हणून वर आणखी दोन किलो अडकवले की तेवढंच ओझं पेलायला बीसीडीत दोन लिटर हवा भरावी लागते. ही हवा वर येताना फुगते आणि वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर थांबायचं असतं, त्या थांब्यावर माणूस बुचासारखा वर निघतो. उलट बाजूही आहे: अॅल्युमिनियमच्या टँकमधली दीडशे बार (बार हे दाबाचं माप) हवा संपते तेव्हा टँक दोन किलोंनी हलका झालेला असतो. म्हणून तपासणी डाइव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना करावी. बीसीडी रिकामी, श्वास नेहमीसारखा धरलेला आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत, असं जमलं की वजन बरोबर.

आता हवा. ११ लिटरचा टँक २०० बारला म्हणजे सुमारे २२०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढणारा माणूस २० मीटरवर, दाब तिप्पट असल्याने, ६० ओढतो. ५० बार राखून ठेवले तर तिथे जेमतेम २७ मिनिटं मिळतात, दहा मीटरवर चाळीसच्या पुढे. तेव्हा आधी खालची बाजू बघायची आणि उताराने चढत यायचं. ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्सच केलेल्यांनी १८ मीटरच्या खाली जाऊ नये. हरकत नाही, जहाजाचा उत्तम भाग तसाही वरच आहे. ३२ टक्के नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) इथे अगदी चपखल बसतो, त्याची मर्यादा ३४ मीटरच्या आत. फक्त टँकमधला ऑक्सिजन स्वतः मोजावा आणि डाइव्ह कॉम्प्युटर त्याप्रमाणे लावावा.

जहाजाचे पत्रे फाटून मोठ्या कमानी झाल्या आहेत, पलीकडचा उजेड दिसतो तिथूनच जावं. दिवसाही टॉर्च हवा: त्याशिवाय सगळं निळं-करडं दिसतं, आणि झोत पडताच तोच पत्रा लाल-केशरी स्पंज आणि मऊ प्रवाळाने मढलेला निघतो. हात मात्र कुठेही टेकवू नका. गंजलेली धार एकवेळ दिसते, पण पत्र्याला चिकटून बसलेला विंचूमासा दिसत नाही. डंख झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. जहाजाबाहेरच्या वाळूत ‘गार्डन ईल’ या सापासारख्या बारीक माशांचं शेत आहे. गवताच्या काड्या डुलाव्यात तसे ते उभे असतात आणि फिन जोरात मारला की सगळी रांग एकदम बिळात. बेडकासारखी आडवी किक मारली तर काळा गाळही उडत नाही.

परतीच्या रस्त्याचा विचार मात्र आदल्या दिवशीच करा. उबुडला जाणारे ड्रायव्हर हौसेने किंतामणीवरून नेतात. तो घाट सुमारे १५०० मीटर चढतो, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा उंच. डाइव्हनंतर अंगात मुरलेला नायट्रोजन तिथल्या कमी दाबात बुडबुडे धरू शकतो. विमानासाठी १८ तास थांबायचं ते याच कारणाने. ३०० मीटरच्या वर गेलं की ती उंची हिशेबात धरावी लागते. ड्रायव्हरला अमलापुरा-चांदीदासावरून जाणारा कमी उंचीचा रस्ता घ्यायला सांगायचं. मालवणात डाइव्ह करून त्याच दुपारी घाट चढून कोल्हापूर गाठणारे आपल्याकडे खूप आहेत. तिथली खोली कमी असल्याने सहसा निभावतं, पण ३० मीटरवरून आल्यावर ती सवय बालीत चालवू नका.