मोठ्या फोटोंसाठी डेस्कटॉप, टप्पा ३ : स्क्रॅचची ड्राइव्ह

मशीनची आजची स्थिती आधी. बी५५० चिपसेटचा एटीएक्स मदरबोर्ड, रायझन ९ ५९००एक्स, ३२ जीबीच्या दोन स्टिक मिळून ६४ जीबी डीडीआर४ रॅम, ग्राफिक्स कार्ड जागेवर. काम फोटोशॉपचं: ४ × ५ इंची फिल्मचे स्कॅन आणि बऱ्याच फ्रेम जोडून केलेले पॅनोरामा, सगळं १६ बिटमध्ये. या टप्प्यात फक्त स्टोरेज हातात घेतलं, त्यातही मुख्यतः स्क्रॅच डिस्क: रॅम पुरेनाशी झाली की फोटोशॉप तात्पुरता डेटा जिथे लिहितं ती ड्राइव्ह.

ड्राइव्ह बघण्याआधी गणित मांडलं, कारण त्याशिवाय सगळी निवड अंदाजपंचे होते. ४ × ५ ची फिल्म २४०० डीपीआयला स्कॅन केली की १२,००० × ९,६०० पिक्सेल होतात. १६ बिट आरजीबीमध्ये एका पिक्सेलला ६ बाइट, म्हणजे एक लेयर सुमारे ६९० एमबी. हे अजून सोसण्यासारखं आहे. पॅनोरामा ३०,००० × २०,००० चा झाला की तोच एक लेयर ३.६ जीबी, आणि त्यावरचा प्रत्येक मास्क आणखी १.२ जीबी. संपूर्ण चित्रावर एक फिल्टर चालवला की हिस्टरीत आणखी ३.६ जीबीची भर. असे २० फिल्टर म्हणजे ७२ जीबी, आणि हे फक्त मागे जाता यावं म्हणून राखून ठेवलेलं. फोटोशॉप मुळात उपलब्ध रॅमपैकी ७० टक्के घेतं, म्हणजे ६४ मधून साधारण ४०–४५ जीबी. उरलेलं सगळं स्क्रॅच डिस्कवर सांडतं. पीएसडी फाइलची मर्यादा ३०,००० पिक्सेल आणि २ जीबी असल्यामुळे एवढ्या कामाला सेव्ह पीएसबीमध्येच (फोटोशॉपच्या मोठ्या फाइलींच्या प्रकारात) करावं लागतं, हे जाता जाता.

तुमच्या कामात स्क्रॅच खरंच वापरली जाते का, हे तपासणं सोपं आहे. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डावीकडे जो आकडा दिसतो, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून ‘इफिशियन्सी’ निवडा. तो काम करताना १०० वरून खाली येत असेल तर रॅम पुरत नाही. तिथेच ‘स्क्रॅच साइझेस’ निवडलं तर दोन आकडे दिसतात; डावा उजव्यापेक्षा मोठा झाला की स्क्रॅचवर लिहिणं सुरू झालं. इफिशियन्सी कायम १०० असेल तर नव्या ड्राइव्हने फोटोशॉप वेगवान होणार नाही. आणि ती खाली येत असेल, तरी पहिला खर्च रॅमवरच करावा. कितीही भारी एनव्हीएमई (सर्वात वेगवान प्रकारची एसएसडी) घेतली तरी ती रॅमच्या जवळपासही पोचत नाही.

आता खोक्यावरचे आकडे. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी प्रत्यक्षात साडेपाचशे एमबी प्रतिसेकंदाला अडते, पीसीआयई या वेगवान जोडणीच्या ३.० पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांच्या आसपास, ४.० ची सात हजारांच्या, ५.० ची चौदा हजारांपर्यंत. हे सगळे आकडे खरे आहेत, पण ते ड्राइव्हच्या पहिल्या धावेचे आहेत. स्क्रॅचसाठी विचारायचं ते हे की धाव संपल्यावर ती किती वेगाने लिहिते.

कारण असं. टीएलसी ड्राइव्हच्या एका सेलमध्ये (साठवणीच्या सूक्ष्म कप्प्यात) ३ बिट मावतात, क्यूएलसीमध्ये ४. इतके बिट नेमके बसवायला वेळ लागतो. म्हणून कंट्रोलर रिकाम्या जागेचा काही भाग एका सेलला एकच बिट अशा पद्धतीने वापरतो आणि येणारा माल आधी तिथे झपाट्याने उतरवून घेतो. ही एसएलसी कॅश. ड्राइव्ह निवांत असताना तो माल नीट रचून मूळ जागी नेला जातो. कॅश भरली आणि लिहिणं थांबलंच नाही, की ड्राइव्ह आपल्या मूळ वेगावर येते.

हा मूळ वेग दोन ड्राइव्हमध्ये किती वेगळा असतो, ते सॅमसंगच्याच दोन मॉडेलमध्ये बघा, कारण त्यांचे आकडे कंपनीने स्वतः छापलेले आहेत. ८७० क्यूव्हीओ, १ टीबी, क्यूएलसी: कॅश ४२ जीबी, ती संपल्यावर ८० एमबी प्रतिसेकंद. ९८० प्रो, १ टीबी, टीएलसी: कॅश ११४ जीबी, ती संपल्यावर २,००० एमबी. म्हणजे कॅश भरलेली असताना वरचा ३.६ जीबीचा लेयर पहिल्या ड्राइव्हवर उतरायला ४५ सेकंद आणि दुसरीवर दोन सेकंदांच्या आत. ८० एमबी म्हणजे साध्या ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी. फोटो साठवायला, गाणी ठेवायला, गेम्सना क्यूएलसी चालते, तिथे लिहिणं एकदाच असतं. स्क्रॅचला ती घेऊच नये.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ९८० प्रोच्या त्या ११४ जीबीपैकी फक्त ६ जीबी कायमची राखीव, बाकीची १०८ जीबी रिकाम्या जागेतून उभी राहते. एका सेलमध्ये तीनऐवजी एक बिट भरायचा, म्हणजे १०८ जीबी कॅशला टीएलसीची ३२४ जीबी जागा मोकळी लागते. ड्राइव्ह गच्च भरली की कॅश ६ जीबीवर येते, म्हणजे आपला एक लेयर आणि दोन मास्क. नवीन असताना सुसाट चालणारी ड्राइव्ह वर्षभरात ‘म्हातारी’ होते असं ऐकू येतं, त्यात बहुतेक वेळा हेच असतं. ती थकलेली नसते, भरलेली असते.

म्हणून निर्णय असा घेतला: ९८० प्रो १ टीबी अख्खी स्क्रॅचला, त्यावर दुसरं काहीही नाही. विंडोज, प्रोग्राम, लाइटरूमचा कॅटलॉग, कॅमेरा रॉची कॅश आणि चालू कामाच्या फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवर, ९७० इव्हो प्लस १ टीबीवर. तिची कॅश ४२ जीबी आणि नंतरचा वेग १,७०० एमबी, या कामाला भरपूर. जुने स्कॅन आणि झालेली कामं साटा हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर (डेटाचे पट्टे सुटे ठेवणारी) आहे ना, हे मॉडेल क्रमांकावरून तपासावं. एसएमआर डिस्कवर, जिथे हे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, मोठ्या फाइल्स पुन्हा पुन्हा लिहायला लागलं की ती गुदमरते.

आयुष्याचा हिशोब टीबीडब्ल्यूत होतो, म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येतात यात. ९८० प्रो १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षं, जे आधी संपेल ते. रोज २०० जीबी स्क्रॅचवर लिहिलं तरी वर्षाला ७३ टीबी, म्हणजे आठ वर्षं. ८७० क्यूव्हीओला ३६० आहेत. या कामात टीबीडब्ल्यूची धास्ती घ्यायचं कारण नाही, फक्त ज्या ड्राइव्हला फारच कमी लिहिलेत तिच्यापासून दूर राहावं. डीरॅमचं (कुठला डेटा कुठे आहे याचा नकाशा ठेवणाऱ्या ड्राइव्हवरच्या छोट्या मेमरीचं) म्हणाल तर सिस्टिमच्या ड्राइव्हला ती असावी, कारण कॅटलॉगमध्ये बारीकसारीक वाचन सतत चालतं. स्क्रॅचवर मोठमोठे तुकडे लिहिले जातात, तिथे डीरॅम नसलेली पण चांगली टीएलसी चालून जाते.

इंटेलच्या ऑप्टेनची आठवण इथे येतेच. ९०५पी ही ड्राइव्ह २,२०० एमबीने लिहायची आणि शेवटपर्यंत त्याच वेगाने, कारण तिला कॅशचा खेळच नव्हता. स्क्रॅचसाठी याहून चांगली वस्तू घरगुती मशीनला मिळाली नाही. २०२२ मध्ये इंटेलने तो धंदा गुंडाळला, याची खरंच हळहळ वाटते.

स्लॉटची निवड ड्राइव्हइतकीच महत्त्वाची. बी५५० वर वरचा एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसते ती खाच) थेट प्रोसेसरला जोडलेला, पीसीआयई ४.० च्या चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा. खालचा चिपसेटमधून, ३.० वर, आणि चिपसेट स्वतः प्रोसेसरला ३.० च्या चारच लेनने जोडलेला, त्यातच साटा, नेटवर्क आणि काही यूएसबी पोर्ट. म्हणून स्क्रॅच वर, सिस्टिम खाली. ९७० इव्हो प्लस मुळात ३.० ची असल्याने तिचं काहीच बिघडत नाही. रायझन ५७००जी सारखा ‘जी’वाला प्रोसेसर असेल तर मात्र वरचा स्लॉटही ३.० वरच चालतो, तिथे ४.० च्या ड्राइव्हला जास्त पैसे मोजू नयेत. दुसरी मेख साटाची: बऱ्याच बी५५० बोर्डांवर खालच्या स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसली की साटा ५ आणि ६ हे पोर्ट बंद होतात. हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली की केबल आणि डिस्कवर संशय घेण्याआधी बोर्डाच्या मॅन्युअलमधला तो तक्ता बघा आणि केबल साटा १ ला लावून पाहा.

बसवताना घाई नको. पॉवर सप्लायचं बटण बंद, ग्राफिक्स कार्ड आधी बाहेर, केसच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवायची. ८० मिलिमीटरच्या खुणेवर पितळी स्टँडऑफ (स्क्रू बसतो तो छोटा खांब) आहे ना ते बघायचं. तो दुसऱ्याच खुणेवर असेल तर ड्राइव्ह दाबल्यावर वाकते. ड्राइव्ह साधारण ३० अंशात तिरकी धरून आत सरकवायची, सोनेरी दात जवळपास पूर्ण दिसेनासे व्हायला हवेत. मग ती अलगद खाली दाबून स्क्रू, तोही बोटांच्या जोराने, हात पिळून नाही. हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवर पातळ पारदर्शक फिल्म असते, ती सोलायची राहते आणि मग हीटसिंकच ड्राइव्हला घोंगडीसारखं पांघरलं जातं. नखाने कोपरा उचलून खात्री करा. ड्राइव्हवरचं लेबल मात्र काढू नका. वॉरंटी जाते, आणि काही लेबलांखाली उष्णता पसरवणारा तांब्याचा थर असतो.

९८० प्रोची कामाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीत ३८–४० अंश असतात, तिथे ड्राइव्हची सुरुवातच वरून होते, म्हणून केसच्या पुढच्या बाजूला आत हवा ओढणारा पंखा असलाच पाहिजे. तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये बघायचं, तेही मोठी फाइल लिहिली जात असताना.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून जीपीटी, एनटीएफएस, एकच पार्टिशन. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतात, त्यात फसवणूक नाही. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो, ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्राम. त्यात ‘ट्रान्सफर मोड’पुढे दोन नोंदी असतात, आत्ता चालू असलेला वेग आणि ड्राइव्हला जमणारा वेग. दोन्हीकडे पीसीआयई ४.० × ४ दिसायला हवं. डावीकडे कमी दिसलं तर स्लॉट चुकला, किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग खाली बांधलेला आहे. तिथेच ‘पॉवर ऑन अवर्स’ आणि एकूण लिहिलेला डेटाही बघून घ्या. नवी म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर हे आकडे शून्याच्या जवळच हवेत.

क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्राम १ जीबीच्या चाचणीवर चालवलं तर फक्त कॅश मोजली जाते. चाचणीचा आकार ६४ जीबी करा, आणि त्याहून चांगलं म्हणजे दीड-दोनशे जीबीचं फोल्डर दुसऱ्या एनव्हीएमईवरून कॉपी करत टास्क मॅनेजरचा आलेख बघा. आलेख जिथे पायरीसारखा खाली येतो तिथे कॅश संपली. त्यापुढची सपाट रेघ हाच ड्राइव्हचा खरा वेग. ९७० इव्हो प्लस हे उगमस्थान असताना ही पायरी साफ दिसते. हार्ड डिस्कवरून कॉपी केली तर हार्ड डिस्कचाच वेग मोजला जाईल.

फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स: नव्या ड्राइव्हवर टिक, सी ड्राइव्हवरची टिक काढलेली. ‘स्क्रॅच डिस्क भरली’ म्हणून प्रोग्राम सुरूच होत नसेल तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरत उघडा, निवडीची खिडकी आधी येते. परफॉर्मन्समध्ये हिस्टरी ५० वरून २० वर आणली. वरचं गणित बघितलं तर एवढ्या मोठ्या चित्राला ५० परवडत नाहीत. स्क्रॅचने घेतलेली जागा साधारणपणे फोटोशॉप पूर्ण बंद केल्यावरच सुटते. प्रोग्राम मध्येच कोसळला तर ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या मोठ्या फाइल्स मागे राहतात, त्या फोटोशॉप बंद असताना हाताने काढून टाकाव्यात. गिम्पवाल्यांनी स्वॅप फोल्डर याच ड्राइव्हवर न्यावं आणि टाइल कॅश रॅमच्या मानाने वाढवावी.

एवढं करूनही मोठी पीएसबी सेव्ह करायला वेळ लागतो, आणि त्या वेळात टास्क मॅनेजरमध्ये ड्राइव्ह जवळपास रिकामी बसलेली दिसते. अडतं ते कॉम्प्रेशनपाशी, आणि ते प्रोसेसरचं काम, त्यातही सगळे कोर कामाला लागत नाहीत. फाइल हँडलिंगमध्ये पीएसडी आणि पीएसबीचं कॉम्प्रेशन बंद करण्याची टिक आहे. ती दिली की सेव्ह भराभर होतं, फाइल मात्र फुगते. चालू कामाला ही टिक ठेवायची, काम हार्ड डिस्कवर हलवण्याआधी काढून पुन्हा एकदा सेव्ह करायचं. याच कारणाने ५.० च्या ड्राइव्हसाठी बोर्ड बदलण्यात या कामाला अर्थ नाही. दोन ड्राइव्ह जोडून एकच करणारी रेड ० सुद्धा नको. जोखीम दुप्पट आणि हाताला जाणवेल असा फरक क्वचितच.

बाकी राहिलेलं: यूपीएस, कारण साध्या एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर नसतात. दुसरी हार्ड डिस्क, बाहेरची, आठवड्यातून एकदा जोडून कॉपी घ्यायला. ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं विंडोज ड्राइव्हला कळवतं ती सोय) चालू असलेल्या एसएसडीवरून पुसलेलं परत मिळण्याची आशा धरू नये. आणि पुढच्या टप्प्यात रॅम १२८ जीबी. ३२ च्या चार स्टिक लावल्यावर या प्रोसेसरला अधिकृत वेग डीडीआर४-२६६७ एवढाच आहे, त्यामुळे आधी बायोसमध्ये त्या वेगावर स्थिर करून मेमटेस्ट (रॅमची चाचणी), मगच वर चढवून बघायचं.