गोठ्यातली पट्टी आणि ‘बिग’चं अनुदान: माझा अनुभव

सुप्त कासदाह, म्हणजे गायी-म्हशींच्या कासेचा बाहेरून न दिसणारा आजार, गोठ्यातल्या गोठ्यात ओळखता यावा म्हणून कागदी पट्टी तयार करणं, हे माझं काम. या कामासाठी माझ्या छोट्या कंपनीला ‘बायरॅक’ या सरकारी कंपनीचं बिग (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदान मिळालं. ते मी अर्जापासून अंतिम हिशेबापर्यंत पूर्ण केलं. लहान कंपनीला संशोधनासाठी सरकार पैसे देतं आणि ते परत मागत नाही, यावर आपल्याकडे अजून कित्येकांचा विश्वास बसत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या, घरात दुभती जनावरं बघत वाढलेल्या आणि जैवतंत्रज्ञान शिकलेल्या मुलामुलींनी हे वाचावं, असं मनापासून वाटतं.

आधी रोगाबद्दल. सुप्त कासदाहात कास सुजत नाही, दुधात गाठी येत नाहीत, गाय वैरण खात असते. दूध मात्र हळूहळू कमी होतं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी वाढत जातात. निरोगी सडाच्या दुधात मिलिलिटरला दोन लाखांच्या आत सोमॅटिक पेशी (दुधात उतरणाऱ्या शरीरातल्या पेशी, पांढऱ्या पेशी त्यातच येतात) असतात. त्याच्यावर आकडा गेला की संशय घ्यायचा. संकलन केंद्रावरचं मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतं, ३.५/८.५ टक्क्यांना दर लागतो आणि शेतकरी घरी जातो. पेशी कोणी मोजत नाही. कळतं तेव्हा दगडी झालेली असते, म्हणजे कास कडक झालेली असते. फलटणकडचे एक अण्णा मला म्हणाले होते, “ताई, दूध तर चांगलंच दिसतंय की. आन् कळतंय तवर सड गेलेला असतोय. सड गेलेली गाय बाजारात कोण इचारतंय?”

यावर कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट आहे आणि ती स्वस्तही आहे. चार खळग्यांच्या ताटलीत प्रत्येक सडाची धार घ्यायची, जांभळं द्रावण घालायचं, ताटली गोल फिरवायची. दूध चिकट, जेलीसारखं झालं तर सडात दोष आहे. डॉक्टरांच्या हाताला सवय असते. पण “थोडं घट्ट वाटतंय” आणि “घट्टच आहे” यांतला फरक पहाटेच्या अंधारात, एका बल्बच्या उजेडात, नवख्या माणसाला करता येत नाही. पांढऱ्या पेशींमधल्या एस्टरेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) रंग बदलणारी पट्टी असेल, तर रंग तक्त्याशी लावून बघता येतो. तत्त्व जुनंच आहे, परदेशी पट्ट्या मिळतातही. मला दोन गोष्टी शोधायच्या होत्या: आपल्या उन्हाळ्यात फ्रीजशिवाय ठेवलेली पट्टी टिकते का, आणि म्हशीच्या दुधावर ती चालते का.

बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली उभी केलेली, नफा न कमावणारी सरकारी कंपनी. तिच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १८ महिन्यांसाठी. कल्पना खरंच चालते की नाही, एवढं सिद्ध करण्यापुरतं. वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, अर्ज खुले होतात. देशभरातली काही इन्क्युबेशन केंद्रं, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणारी केंद्रं, या योजनेची भागीदार आहेत. पुण्यात पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर त्यातलं एक. अर्ज करताना भागीदार निवडावा लागतो. मी तेच निवडलं, कारण तिथल्या सामायिक प्रयोगशाळेतली उपकरणं वापरता येणार होती. कंपनीत किमान ५१ टक्के भागभांडवल भारतीयांचं असावं लागतं आणि कंपनी फार जुनी चालत नाही. मी तेव्हा एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेत होते, म्हणून प्राचार्यांकडून ना हरकत पत्र आधीच घेऊन ठेवलं. हे पत्र आणि कंपनीची कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

खरा कस प्रस्ताव लिहिताना लागतो. बाजार किती मोठा, देशात गायी-म्हशी किती, दूध उत्पादनात आपण पहिले, हे सगळं दोन परिच्छेदांत संपवावं. परीक्षकांना ते ठाऊक असतं. त्यांना बघायचं असतं, की आज तुम्हाला काय माहीत नाही आणि ते माहीत करून घ्यायला तुम्ही नेमकं काय करणार. मी उद्दिष्टं तशीच लिहिली. पट्टीचा निकाल प्रयोगशाळेतल्या पेशीमोजणीशी ताडून बघणार. दोन लाखांच्या रेषेवर दहापैकी किमान साडेआठ दोषी सड पट्टीने पकडले पाहिजेत. चाळीस अंशांच्या पेटीत ठेवलेल्या पट्ट्या ठरावीक अंतराने काढून पुन्हा तपासणार. गाय आणि म्हैस यांचे नमुने वेगळे, निष्कर्षही वेगळे. “प्रभावी चाचणी विकसित करणे” असं उद्दिष्ट लिहिलं असतं, तर ते पूर्ण झालं की नाही हे मलाही सांगता आलं नसतं. पुढे प्रत्येक हप्ता याच वाक्यांवर अडतो किंवा सुटतो, म्हणून ती लिहायला लागेल तेवढा वेळ द्यावा.

अर्जाआधी मी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाकला. स्टार्टअपला ऑनलाइन त्याची फी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण अर्ज भरायला १२ महिने मिळतात. परीक्षक गोपनीयता पाळतात, तरीही दहा माणसांसमोर रसायन मांडायच्या आधी तारीख आपल्या नावावर असलेली बरी. बिगमध्ये निघालेल्या संशोधनाचा हक्क कंपनीकडेच राहतो, ही या योजनेतली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

छाननी झाली, बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रस्ताव वाचला, मग सादरीकरण. मोजकी मिनिटं बोलायचं, बाकीचा वेळ प्रश्न. पहिलाच प्रश्न आला, “कॅलिफोर्निया टेस्ट काही रुपयांत होते, मग तुमची पट्टी कशाला?” मी ताटली आणि द्रावण बरोबर नेलं होतं. बोलण्याऐवजी दोन्ही चाचण्या टेबलावर करून दाखवल्या आणि मधल्या दर्जाचा निकाल तिघांना वाचायला सांगितला. तिघांची तीन उत्तरं आली. त्यानंतर चर्चा पट्टी हवी की नको यावरून पट्टी टिकेल कशी यावर गेली. एका ज्येष्ठ पशुवैद्यक बाईंनी विचारलं, की विण्याच्या वेळचा चीक आणि आटत आलेलं दूध यांत पेशी एरवीही जास्त असतात, त्याचं काय करणार? प्रश्न अगदी योग्य होता. नमुने घेताना वेत आणि विण्याची तारीख नोंदवण्याचा रकाना त्या प्रश्नामुळे कायमचा माझ्या वहीत आला. अंदाजपत्रकात पेशी मोजण्याचं मशीन विकत घ्यायचं नाही, मोजणी बाहेरून करून घ्यायची, हेही मी आधीच ठरवलं होतं. उपकरणांवर निम्मा पैसा दाखवलेले प्रस्ताव तिथे अडकताना मी पाहिलेत.

निवड झाली तरी पैसा लगेच येत नाही. दिल्लीच्या समितीपुढे पुन्हा सादरीकरण, मग कंपनीची कायदेशीर आणि आर्थिक तपासणी, मग करार. अनुदानासाठी बँकेत वेगळं नो-लिएन खातं उघडावं लागतं, म्हणजे बँकेला कुठल्याही कर्जापोटी त्या पैशाला हात लावता येत नाही. आमच्या शाखेत हा शब्द नवा होता. पत्राचा मसुदा घेऊन गेले तेव्हा काम झालं. या सगळ्यात कित्येक महिने जातात. मी सीएचबीचे तास सोडले नाहीत म्हणून घर चाललं. नोकरीचा राजीनामा निवडीच्या ई-मेलवर देऊ नये, पहिला हप्ता खात्यात दिसल्यावर द्यावा.

हप्ते टप्प्यांवर मिळतात. टप्पा गाठला, अहवाल दिला, सीएने प्रमाणित केलेला खर्चाचा तक्ता आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिलं की पुढचा. रसायनांसाठी धरलेला पैसा पगाराला वळवायचा तर आधी परवानगी. खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचं व्याजही सरकारचं, ते दाखवावं लागतं. माझ्या सीए बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मॅडम, बिल आलं की त्याच दिवशी त्यावर खर्चाचं शीर्षक लिहा.” ही सवय लागल्यावर हिशेबाचं ओझं वाटेनासं झालं. शेवटचा हप्ता अंतिम अहवालानंतर येतो, तोवरचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. त्याची तजवीज आधीपासून हवी.

गायीच्या दुधावर पट्टीने ठरवलेला आकडा गाठला. उष्णतेत टिकण्याचा प्रश्न रसायन बदलून नव्हे, तर पाकिटाने सुटला: साध्या प्लास्टिकमधल्या पट्ट्या दमट हवेत आधीच रंग धरायच्या, ॲल्युमिनियमच्या पाकिटात ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवलेल्या टिकल्या. म्हशीच्या दुधावर मात्र पट्टी कमी पडली. गायीपेक्षा फॅट कितीतरी जास्त, रंग फिका उमटायचा आणि रेषेजवळचे सड निसटायचे. अंतिम अहवालात मी ते आकड्यांसकट लिहिलं. आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी त्यावर नापसंती दाखवली नाही. उलट फॅट वेगळं काढायचा थर पट्टीतच देता येईल का, यावर बराच वेळ बोलले. सरकारी पैशातून “नाही” असं उत्तर निघालं तर कारवाई होईल, अशी भीती अनेकांना असते. प्रयोग ठरल्याप्रमाणे केला, नोंदी आणि हिशेब स्वच्छ ठेवले, तर तसं होत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

ज्यांच्याकडे कल्पना आहे पण अजून नमुनाच तयार नाही, त्यांनी आधी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना बघावी. तिथे १० लाखांपर्यंत मदत मिळते. सध्या माझं काम दोन बाजूंनी चालू आहे. गायीची पट्टी संकलन केंद्रांवर वापरून बघायची बोलणी सुरू आहेत, आणि म्हशीच्या दुधासाठीचा प्रस्ताव नव्याने लिहायला घेतला आहे. त्यात पहिलं उद्दिष्ट एकच आहे: फॅट अडवणारा थर.