ग्रहणाचा काय संबंध?
ताईच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे कळल्यावर पंचवटीतल्या नातेवाईकांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर ग्रहणात काही चिरलं होतं का! अहो २१ व्या क्रोमोसोमच्या (गुणसूत्राच्या) दोनऐवजी तीन कॉप्या असतात, बस, आणि हे फ्रेंच डॉक्टर लेज्युन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच दाखवलंय. आईचं वय जास्त असलं की शक्यता वाढते हे खरं, पण तरुण आयांच्या बाळांनाही होतंच की.

जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हार्टचा प्रॉब्लेम असतो म्हणून इको (हार्टची सोनोग्राफी) लगेच करायचा, थायरॉईड दरवर्षी, आणि कान तर तपासायचेच, कारण नीट ऐकूच आलं नाही तर बोलणार कुठून पोर? स्नायू ढिले असतात त्यामुळे मान धरणं, बसणं, चालणं सगळं उशिरा, पण होतं हो, फिजिओ लवकर सुरू करा फक्त. आमची बया आता भेळेतले चुरमुरे दोन बोटांच्या चिमटीत एकेक पकडून खाते, ती चिमूट जमायला ताईने किती महिने घासलेत ते मी बघितलंय.

आणि 'ही मुलं कायम हसरीच असतात' म्हणणाऱ्यांनी एकदा तिची वेणी घालून दाखवावी.