१९ तपकिरी आणि एक पिशवी

आईने दसुतीवर फुलीच्या टाक्याने जे काही भरलं ते चार-पाच रंगांत. दोऱ्याच्या लड्या बिस्किटांच्या डब्यात, विषय संपला. मी मात्र हौसेने वाड्याच्या दिंडी दरवाजाचा चार्ट घेतला. १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ घरांचं कापड, २५० बाय ३०० टाके, म्हणजे ७५ हजार फुल्या आणि ५८ रंग. कापड, सुई, रिंग यांनी काही त्रास दिला नाही. छळलं ते तपकिरीने.

लाकडी दरवाजा म्हटल्यावर तपकिरी येणारच, पण १९? त्यात डीएमसी या कंपनीच्या दोऱ्यांतले ८३८ ते ८४२ नंबर म्हणजे सख्खे पाच भाऊ. ८३८ सगळ्यात गडद, ८४२ सगळ्यात फिकट, आणि मधले तिघे एकमेकांचे शर्ट घालून हिंडणारे. लडी असते तोवर ठीक, तिच्या कागदी पट्टीवर नंबर असतो. घोळ सुटा दोरा करतो. लडीतला दोरा सहा पदरी आणि मी भरते दोन पदरांनी. हातभर दोरा कापला की दोन पदर सुईत जातात, चार उरतात. ते चार मी ‘आत्ता लागतीलच’ म्हणून उशीवर टाकायची आणि रात्री झोपताना सगळे गोळा करून एका पिशवीत कोंबायची. महिनाभरात पिशवीत नुसत्या जटा.

एका रविवारी काम गॅलरीत नेलं, तर दरवाजाच्या डाव्या फळीवर चट्टा! ट्यूबलाइटखाली ८३९ समजून भरलेलं निम्मं ८४० होतं. सहाएकशे टाके. उसवण्यात तीन संध्याकाळी गेल्या. उसवलेला दोरा पिंजारतो, पुन्हा कामाला येत नाही, म्हणून रविवार पेठेत नवी लडी आणायला गेले.

“ताई, ८३९ संपलाय. हा घ्या, सेमच आहे.”

“हा ८४० आहे.”

“फ्रेम केल्यावर कुणाला कळतंय?”

मला कळतंय ना! पुढचे दोन आठवडे मी ‘परवा येईल’ ऐकत होते. खरं सांगायचं तर फ्रेममध्ये कुणाला कळलंही नसतं, पण ते मी त्याच्यासमोर मरेपर्यंत कबूल करणार नाही.

त्या दोन आठवड्यांत शेवटी अक्कल आली. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, कागद चांगला जाड. त्याच्या पट्ट्या कापल्या, पंचिंग मशीनने कडेला भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाशी नंबर आणि चार्टमधली खूण लिहिली. आता दोरा कापला की आधी चार पदर भोकात अडकवायचे, मगच दोन सुईत ओवायचे. हा क्रम उलटा केलात की पिशवी परत आलीच म्हणून समजा. हळदीकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका मात्र घेऊ नका. माझ्या पांढऱ्या दोऱ्याचं लग्न लागलं.

पट्ट्या मी आधी छटेप्रमाणे लावल्या होत्या, दिसायला सुरेख. शोधताना वैताग. नंबरानेच लावा. नंबरांना छटेचं काही सोयरसुतक नसतं: ३०९ गडद गुलाबी, ३१० काळा, ३११ निळा.

हो, आणि एखादा रंग भरपूर लागणार असेल तर सगळ्या लड्या एकदमच घ्या. पट्टीवर नंबर तोच असला तरी रंगाईचा घाणा बदलला की छटा किंचित हलू शकते. तपकिरींसाठी मी प्रत्येक रंगाची सुईही वेगळी ठेवली आहे.

पिशवीतला गुंता भर उन्हात पांढऱ्या कागदावर लड्यांशी ताडून पाहिला. जेमतेम निम्मा ओळखता आला. बाकीच्याचे लेकीने बाहुलीला केस केले, चांगले दाट.

दरवाजा आता कडीपर्यंत आलाय. परवा ८४१ संपत आला म्हणून पट्टीसकट उरलेली लडी घेऊन त्याच दुकानात गेले. मला पायरीवर बघूनच मालक आतल्या पोऱ्याला ओरडला, “सेम देऊ नको रे, नंबर वाचून काढ!”