नातेवाईक कोण आहे?

लेक एकतिसाव्या आठवड्यात झाली. वजन १,२४० ग्रॅम. बायको साताऱ्यात, सिझरच्या टाक्यांत. लेक पुण्यात काचेच्या पेटीत. आणि मी दोघींच्या मधे, एसटीत, मांडीवर दुधाचा बर्फातला डबा सांभाळत.

पहिल्या खेपेला त्या डब्यात सहा मिली चीक होता. चमचाभर. तो पिळून काढताना बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी स्वारगेटपर्यंत डबा खाली ठेवला नाही.

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात हाक यायची, ‘बेबी ऑफ अमुक, नातेवाईक कोण आहे?’ मी उठायचो. डॉक्टर म्हणायचे, ‘स्टेबल आहे,’ आणि पुढे जायचे. स्टेबल म्हणजे काय, ते मी रात्री बाकावर बसून मोबाइलवर शोधायचो. मला मोठं समुपदेशन नको होतं. आज वजन किती भरलं, नळीतून दूध किती गेलं, पचलं का, रात्री श्वास घ्यायची विसरली का, एवढंच कुणी रोज सांगायला हवं होतं. आणि काहीतरी काम. रिकामे हात फार जड होतात हो.

नवव्या दिवशी संध्याकाळच्या सिस्टर म्हणाल्या, ‘बाबा, शर्टाची बटणं काढा.’ मला वाटलं, हे आईचंच काम. तर म्हणाल्या, बापाची छातीही तितकीच उबदार असते. १९७८ साली कोलंबियात बोगोटाला पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली, तिथून ही कांगारू पद्धत आली, हेही त्यांनीच सांगितलं.

मोसंबीएवढं डोकं माझ्या छातीवर टेकलं. पायाला बांधलेल्या पट्टीतला लाल दिवा तिच्या तळव्यातून आरपार दिसत होता. तासभर मी मान वळवली नाही.

रुग्णालयांनी आई-बापाला आत घ्यावं, काळजी शिकवावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने सरकारी एसएनसीयूंसाठी, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षांसाठी, २०१७ सालीच काढली आहेत. ती प्रत्येक दारापर्यंत पोचायला हवीत, खासगीतसुद्धा. आणि नातलगांनो, ‘आता कशी आहे?’ असे दिवसाला वीस फोन करू नका. डबा घेऊन या.

अकराव्या दिवशी बायको आली. बांगड्या काढ, कोपरापर्यंत हात धू, हे मीच तिला दाखवलं. पेटीजवळ गेल्यावर तिला हात लावायची भीती वाटत होती.

‘आई, बसा इथे,’ सिस्टर म्हणाल्या.

ती खुर्चीत बसली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.